धुरावाचून धुराडं

साजगावात थंडी पडते, हे मला मान्य आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, नळाचं पाणी तोंडावर मारताना माणूस आपोआप विठ्ठलाचं नाव घेतो आणि टपरीवर कानटोप्यांची गर्दी होते. पण ही थंडी नेमस्त आहे. ऊन घाटावरून खाली आलं की ती मुकाट्यानं निघून जाते. तिच्या सरबराईला एक घोंगडी, एक चहा आणि फारच झालं तर पाचोळ्याची शेकोटी, एवढं पिढ्यान्‌पिढ्या पुरलेलं आहे. फायरप्लेस बसवावी लागेल अशी थंडी इथे कधी पडल्याचं कुणी सांगत नाही. तरीही आज साजगावात एक फायरप्लेस आहे. ती माझ्या साडूंची आहे, आणि तिच्या छपरावरच्या धुराड्याची देखरेख माझ्याकडे आहे.

साडू या नात्यात हक्क कुणालाच नसतो, कर्तव्यं मात्र भरपूर असतात. त्यातून थोरला साडू अमेरिकेत आणि धाकटा खोपोलीत असला, तर सगळी कर्तव्यं धाकट्याकडे येतात. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. उभी नोकरी न्यू जर्सीत काढून ते निवृत्त झाले आणि ‘मातीची ओढ’ लागून त्यांनी साजगावातल्या एका बंगल्यांच्या स्कीममध्ये प्लॉट घेतला. त्यांची माती खरं म्हणजे दादरची. पण दादरला आता माती शिल्लक नसल्यामुळे ओढ इथपर्यंत आली. ‘तुम्ही जवळच आहात, तेव्हा अधूनमधून नजर टाका,’ असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. तेव्हापासून मी नजर टाकतो आहे.

बंगला छान आहे. छप्पर कौलारू आहे. म्हणजे खाली उतरता स्लॅब आहे आणि त्यावर मंगलोरी कौलं सिमेंटनं चिकटवलेली आहेत. कितीही वारा सुटला तरी कौल हलत नाही आणि कितीही उकडलं तरी वारा आत येत नाही. ओसरीचे खांब लाकडी दिसतात, ते लोखंडी आहेत. जोत्याचा काळा दगड बोटभर जाडीचा आहे. अंगणात बैलगाडी आहे, तिला वॉर्निश आहे, बैल नाहीत. हिरवळीला पाणी घालावं लागत नाही, आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात. या सगळ्याला मी कधी हसलो नाही, कारण आमच्या तालुक्यात द्रुतगती महामार्ग झाल्यापासून अशी शेकडो घरं उठली आहेत आणि त्यांच्यावर इथल्या गवंड्यांची, माळ्यांची, वॉचमनची घरं चालतात. शिवाय हसायला उभा राहिलो तर कुठल्या बंगल्यापासून सुरुवात करायची, हा प्रश्नच आहे.

फायरप्लेस आली ती ताईंमुळे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीमुळे, असं भाऊजी सांगतात. ताई म्हणतात, भाऊजींमुळे. दोघांचं एकमत एवढ्याच गोष्टीवर झालं की लाकूड नको. ताईंना धुराचा दमा आहे. म्हणून गॅसची. काचेच्या आत सिरॅमिकची लाकडं रचलेली, त्यांवर झाडाची साल, गाठी, एका ओंडक्याला तर वाळवीनं खाल्ल्याची खूणसुद्धा. खाली निखारे, तेही सिरॅमिकचे. रिमोट दाबला की टिकटिक होते आणि ज्वाळा उठतात. तेवढ्या मात्र खऱ्या. गेल्या हिवाळ्यात उद्घाटनाला आम्ही गेलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि बाहेर चांगलंच उबदार होतं. पाच मिनिटांत सगळ्यांना घाम फुटला. भाऊजींनी शांतपणे दुसरा रिमोट उचलला, एसी अठरावर केला आणि म्हणाले, “आता कसं, वातावरण तयार झालं!” आम्ही शाली पांघरून फायरप्लेससमोर बसलो.

गॅस जळला की पाणी तयार होतं, हे शाळेत शिकूनही मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. एक किलो एलपीजी जळली की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं बाहेर पडतं. ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, जिथे जुलैत मीठ, पापड आणि माणसं सारखीच सादळतात, तिथे सिलिंडर विकत आणून वर आणखी पाणी तयार करायचं, याला धाडस लागतं. ही वाफ आणि बाकीचे वायू छपरावाटे बाहेर नेणारा एक पाइप असतो. खरं तर एकात एक दोन पाइप. आतल्यातून जळका वायू वर जातो, बाहेरच्यातून ताजी हवा खाली येते. वरच्या टोकाला जाळीदार स्टीलची टोपी. खोलीतल्या हवेशी या रचनेचं देणंघेणं नाही. काम म्हणून पाहिलं तर त्या अख्ख्या बंगल्यातली ही सगळ्यात प्रामाणिक वस्तू होती. जशी होती तशीच दिसत होती.

तिथेच ती फसली. न्यू जर्सीच्या नातवानं व्हिडिओ कॉलवर बंगला पाहिला आणि विचारलं, “आबा, कचऱ्याचा डबा छपरावर का ठेवलाय?”

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा मला फोन. “ते झाकायचं. छान पारंपरिक विटांचं धुराडं करून त्याच्या आत तो पाइप गडप करायचा. तुमचा तो मिस्त्री आहे ना?”

मिस्त्री आला, वर चढला, पाइपाला प्रदक्षिणा घातली, खाली उतरला आणि त्यानं अगदी रास्त शंका विचारली. “साहेब, पारंपरिक म्हंजे कुठल्या गावचं?”

या प्रश्नाला खरंच उत्तर नव्हतं. कर्जतकडे माझं आजोळ. आजीच्या स्वयंपाकघरात दिवसभर चूल पेटलेली असे, पण घराला धुराडं नव्हतं. धूर वर चढायचा, आढ्याखाली रेंगाळायचा आणि सवडीनं कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. सकाळी लांबून पाहिलं तर अख्खं छप्परच हळूहळू धुमसताना दिसे. आणि आजी त्या धुराला फुकट जाऊ द्यायची नाही. चुलीवर टांगलेले बोंबील, सोडे, कांद्याच्या माळा, बियाण्यासाठी राखलेली कणसं, सगळ्यांना धुरी मिळे. वासे काळे कुळकुळीत झालेले, त्यांना वाळवी लागायची नाही. बिनभाड्याचा धूर पावसाळाभर घर कोरडं ठेवायचा. बदल्यात आजीचे डोळे कायम लाल असत आणि खोकला तिच्या आधी स्वयंपाकघरात पोचे, हेही खरं. त्या धुरावर प्रेम करायला माणूस फक्त जेवणापुरता आत यावा लागतो.

पुढे १९८०च्या दशकात सरकारची निर्धूर चूल आली. तिच्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत मगनचूल निघाली होती; चुलीला धुराडं हवं ही कल्पना गांधीजींच्या माणसांनी फार आधी मनावर घेतलेली. आजीकडेही सिमेंटचा पाइप लागला, कौलांतून वर निघाला. गावात ते एक कौतुकच झालं. पहिल्या पावसात पाइपाच्या कडेनं धार लागली ती थेट पिठाच्या डब्यावर. शिवाय बोंबील ओले राहू लागले. दिवाळीच्या आत मामानं पाइप उतरवून परसात टाकला आणि त्यात एका कोंबडीनं अंडी घातली. आमच्या घराण्याचा धुराड्याशी आलेला संबंध एवढाच. ज्यांच्याकडे पोटभर धूर होता त्यांना धुराडं परवडलं नाही. आणि आता जिथे धुराचा पत्ता नाही, तिथे ते विटांचं हवं होतं.

मी हे भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, “मग या भागात कुठलंच धुराडं नव्हतं?”

होतं की. पण ते पळतं होतं. १८५६ साली जीआयपी रेल्वे खोपोलीला पोचली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. बोरघाटातून रूळ जायला १८६३ उजाडलं. मधली वर्षं पुण्याकडची माणसं इथे उतरायची आणि पालखीतून नाहीतर घोड्यावरून घाट चढायची. तोवर इंजिनाचं धुराडं खोपोलीत फुसफुसत उभं राही. त्यानंतर खोपोलीनं धुराड्यांशी उभा दावाच मांडला म्हणा ना. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी इथे वीजघर उभारलं आणि १९१५ साली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. गिरण्यांची यंत्रं विजेवर फिरू लागली, कोळशाची गरज घटली, धुराड्यांचा धूर विरळ झाला. पुढे गिरण्याच गेल्या. लोअर परळला फिनिक्सचं धुराडं अजून उभं आहे, पण भोवती मॉल आहे आणि त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या गावानं मुंबईच्या धुराड्यांची नोकरी घालवली, त्याच्या शेजारच्या गावात आता मुंबईचा माणूस शोभेचं धुराडं बांधत होता. भाऊजींच्या गच्चीवरून टाटांचे ते नळ स्वच्छ दिसतात. मी बोट दाखवलं. भाऊजी म्हणाले, “हो, तेही जरा झाडांनी झाकायला हवे होते.”

मग त्यांनी मला लंडनची गोष्ट ऐकवली. लेन्स्टर गार्डन्स नावाच्या रस्त्यावर २३ आणि २४ नंबरची घरं आहेत, पण ती घरं नाहीत. १८६८च्या सुमारास तिथून भुयारी रेल्वे गेली. इंजिनं वाफेची; त्यांना मधूनमधून उघड्या आकाशाखाली धूर सोडावा लागे. त्यासाठी रांगेतली दोन घरं पाडली आणि रस्त्याची शोभा जाऊ नये म्हणून त्यांच्या जागी फक्त दर्शनी भिंत उभी केली. दारं, खांब, सज्जे, खिडक्या सगळं शेजारच्या घरांसारखं. खिडक्यांत काचेऐवजी रंग. मागे भगदाड आणि खाली गाडी. “दीडशे वर्षं झाली,” भाऊजी म्हणाले, “कुणी हसत नाही.” त्यांचा मुद्दा मला पटला. फरक एवढाच की लंडनवाल्यांकडे धूर होता, तो लपवायला त्यांनी घर रचलं. भाऊजींकडे घर होतं.

काम सुरू झालं. मिस्त्रीचं म्हणणं, सरळ नऊ इंची विटांचं बांधू. इंजिनिअरचं म्हणणं, एवढं वजन स्लॅबवर नको. मग फायबरचा विचार झाला. चौक-कर्जत रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला तिथेच उभा राहिला होता. त्या बाजूच्या सेटांवर काम केलेला एक कारागीर मिस्त्रीच्या ओळखीचा निघाला. ज्या माणसानं प्लायवुड आणि प्लास्टरमधून मोगलांचे बुरूज उठवलेत, त्याला हातभर धुराडं म्हणजे दुपारचं काम. त्यानं फायबरच्या विटांचा एक नमुना आणला. इतका हुबेहूब की मिस्त्रीनं आधी थापीच्या मुठीनं वाजवून पाहिला आणि मग तोंड फिरवलं. पण फायरप्लेसबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी वाचलं होतं. बंगल्याशी संबंधित माणसांत ते वाचणारा मी एकटाच. त्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावलेली. पाइप तापतो, म्हणून जळेल असं काहीही त्याच्या जवळ नको. आणि वरच्या टोपीभोवतीची हवा कोंडता कामा नये. ती कोंडली तर जळका वायू उलटा फिरून खोलीत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस झोपतो तो झोपतोच. त्यामुळे फायबर बाद. वर मातीची छानशी कुंडी पालथी घालावी ही ताईंची सूचनाही बाद.

शेवटी ठरलं ते असं. लोखंडी सांगाडा, त्यावर सिमेंटचे पत्रे, पत्र्यांवर पातळ विटांच्या टाइल्स. पाइपापासून चारी बाजूंनी पुस्तकात दिलं तेवढं अंतर. भिंती टोपीच्या खालीच थांबवायच्या आणि टोपी मोकळी ठेवून तिला उष्णता सोसणारा काळा रंग द्यायचा. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो डबा वर जागच्या जागी राहिलाच. खाली अंगणातून तो दिसत नाही, एवढंच. शेजाऱ्यांच्या गच्चीतून दिसतो. भाऊजींनी विचार केला आणि म्हणाले, “शेजारी वर्षातून दोनदाच येतात.”

धुराडं उभं राहिलं आणि कारागिरानं ते पाहून मान हलवली. “नवंकोरं दिसतंय. याला काजळी पायजे.” त्यानं नारळाच्या करवंटीत काळा रंग घेतला, त्यात थोडा तपकिरी मिसळला, स्पंज बुडवला, पिळला आणि धुराड्याच्या तोंडाशी हलक्या हातानं टिपू लागला. वर दाट, खाली विरळ. मग ओल्या फडक्यानं दोन-तीन ओघळ खाली ओढले, पावसानं काजळी धुतल्यासारखे. मी आ वासून बघत होतो. कामात खोट नव्हती. तेवढ्यात मिस्त्री खालून ओरडला, “अरे, त्या अंगाला कशाला जास्त लावतोस?”

“वारा खाडीकडनं येतो ना. धूर घाटाच्या अंगाला जानार.”

“तो पावसातला वारा. पावसात कोन पेटवनार हाय? थंडीत वारा घाटावरनं खाली येतो. धूर तिकडं, पेनच्या बाजूला जायला पायजे.”

“नाय काका, संध्याकाळी उलटा असतो.”

“पेटवतात रात्री!”

जो धूर कधी निघाला नव्हता आणि निघणारही नव्हता, तो कुठल्या दिशेला झुकेल यावर दोन जाणकार माणसं अर्धा तास भांडली. दोघांनीही इथला वारा जन्मभर अंगावर घेतलेला, त्यामुळे वाद पोकळ नव्हता. अखेर दोन्ही अंगांना सारखी काजळी लावून तडजोड झाली. ती शास्त्राला धरून नाही हे दोघांनाही माहीत होतं. जाताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग पाऊस आला. स्लॅब आणि धुराडं यांच्या सांध्यातून पाणी झिरपलं आणि सिरॅमिकच्या निखाऱ्यांवर थेंब पडू लागले. उतारावरून येणारं पाणी धुराड्याच्या पाठीवर आदळून तिथेच तुंबतं, म्हणून मागे छोटा दुपाखी उंचवटा करून ते दोन्हीकडे वळवावं लागतं. मिस्त्रीला हे ठाऊक असायचं कारण नाही. त्याच्या सात पिढ्यांत कुणी धुराडं बांधलेलं नव्हतं. दुरुस्ती पावसानंतर. तोवर धुराड्याला निळी ताडपत्री गुंडाळून सुतळीनं बांधली. पाइप झाकायला धुराडं, धुराडं झाकायला ताडपत्री. भाऊजींनी विचारलं, ताडपत्री विटांच्या रंगात मिळते का? मी चौकशी केली. मिळत नाही.

कार्तिकी एकादशीला साजगावची जत्रा भरते. आमच्या विठोबाला बोंबल्या विठोबा म्हणतात, कारण त्याच्या जत्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो. देव शाकाहारी की कसा, याची चौकशी कुणी करत नाही. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी इथे येत, अशी आख्यायिका आहे. सांगायचा मुद्दा, त्या दिवसांत सगळा मुलूख साजगावात लोटतो आणि हवेला बोंबलांचा वास असतो. भाऊजी-ताई मुद्दाम त्याच सुमारास येऊन राहिले. दुरुस्ती झाली होती, ताडपत्री उतरली होती आणि धुराडं प्रथमच लोकांसमोर आलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी दोन बायका फाटकाशी आल्या आणि खारी-नानकटाई काय भावानं, म्हणून विचारू लागल्या. बेकरी नाही हे ऐकून त्यांना राग आला. एवढं मोठं धुराडं बांधून माणसं खोटं का बोलतात, हे त्यांना कळेना. दुपारी एका मासळीवाल्यानं भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडे बोंबील धुरावतात का, थोडा माल पाठवला तर दर काय लावाल? एका तरुणानं तंदुरी हॉटेल समजून गाडी थेट आत घातली आणि वॉर्निश लावलेल्या बैलगाडीत बसून फोटो काढून घेतला. ताईंना हे सगळं आवडू लागलं होतं. संध्याकाळी गावातले एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी टोपी काढली, धुराड्याकडे बघत थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, “बरं झालं. लाकडं फार महाग झाली होती. गॅसवर किती वेळ लागतो हो जळायला?”

भाऊजी उत्साहानं सांगायला लागले, लगेच पेट घेतो, रिमोट आहे, धूर नाही, राख नाही. गृहस्थ प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते. “राखसुद्धा नाही?” त्यांनी काळजीनं विचारलं. “मग नदीवर काय न्यायचं?”

हा प्रश्न भाऊजींच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. उतरल्यावर ते आत गेले आणि त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

रात्री त्यांनी मला, मिस्त्रीला आणि कारागिराला बोलावून घेतलं. एसी अठरावर होता, ज्वाळा चालू होत्या. भाऊजींनी परिस्थितीचा अभ्यास केलेला दिसत होता. त्यांचं म्हणणं, चूक धुराड्यात नाही. रूप बरोबर आहे, काजळी बरोबर आहे. पण त्यातून काही निघतच नाही, म्हणून लोक मनाला येईल ते समजतात. घरातलं धुराडं म्हटलं की सांजवेळी त्यातून मंद धूर यायला हवा. फार नको. नजरेला पडेल इतपत.

“धूर?” ताई आतून म्हणाल्या. “मला दमा आहे, विसरलात?”

“वरच्या वर गं. बाहेरच्या बाहेर.” भाऊजी कारागिराकडे वळले. “तुमच्या सेटवर करतात ना तसलं काही?”

कारागिरानं खिशातून पेन्सिल काढली. “मशीन येतं साहेब, भाड्यानं. खाली पिंप ठेवायचं, नळी भिंतीमागून वर काढायची. नळी दिसनार नाय, ती झाकू आपण.”

मिस्त्री इतका वेळ गप्प होता. त्यानं विडीचं बंडल खिशात परत ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “पन ते मागच्या अंदाजात नव्हतं बरं का. धुराचे वेगळे पडतील.”